पोथीत मधे बोलू नये

१७ मे २०२६, रविवार. गेनबा दारवटकर, राहणार विंझर, यांच्याकडून वाचनालयाची वर्गणी आणि अनामत मिळून तीनशे वीस रुपये जमा.

पैसे त्यांनी आदल्या दिवशीच विंझरला माझ्या हातात दिले होते. मी तिथल्या एका पतसंस्थेच्या शाखेत व्यवस्थापक आहे. भोरहून नसरापूरमार्गे रोज एसटीने जातो-येतो. भोरच्या एका लहानशा वाचनालयाचा खजिनदारही मीच. शाखेतले काही खातेदार वाचनालयाचे सभासद आहेत आणि त्यांची पुस्तकं माझ्या पिशवीतून ये-जा करतात.

गेनबा सत्तरीचे. विंझरमध्ये त्यांची पिठाची गिरणी होती, म्हणजे अजूनही आहे, पण चार वर्षांपासून त्यांनी ती चालवायला दिली आहे. चाळीस वर्षं पट्ट्याच्या आवाजावर बोलायची सवय झाल्यामुळे त्यांचा आवाज मोठा. शाखेत ते हळू बोलले तरी बाहेर पारावर ऐकू जातं. शिक्षण सातवीपर्यंत. त्या शनिवारी भाड्याची रक्कम खात्यात भरून झाली तरी ते काउंटरवरून हलेनात.

"सायेब, तुमी पुस्तकं आणून देता म्हणं."

"देतो की. काय वाचणार?"

"लांबच्या मुलखाचं काय तरी. उन्हाळ्याची दुपार सरत न्हाई. हितनं तर हलता येत न्हाई."

हलता येत नव्हतं ते त्यांच्या पत्नीमुळे. फुलाबाईंना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, पण उठवणं-बसवणं, भरवणं, सगळं गेनबा करतात. एकुलती मुलगी रत्ना नसरापूरला दिली आहे.

"काशीचं एक चांगलं आहे," मी म्हणालो.

"काशी सोडून." ते इतक्या पटकन म्हणाले की मी वर पाहिलं. "काशी सोडून कुठलंबी चालंल."

मी सोमवारी त्यांना इजिप्तचं पुस्तक नेऊन दिलं. जुनं, जाड, नाईल नदीतून होडीने केलेल्या प्रवासाचं. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी वाचनालयातली सगळी जुनी पुस्तकं नव्याने बांधून घेतली, तेव्हा खर्च वाचावा म्हणून मी लाल कापडाचा एकच तागा घ्यायला लावला. चित्रांची मुखपृष्ठं गेली, नावं शाईने घातली ती पुसट झाली. "सगळ्या पोथ्याच दिसतात की हो," असं एक सभासद म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

शिवाय तो धोंड्याचा महिना होता. अधिक ज्येष्ठ रविवारीच सुरू झाला होता. घरोघरी पोथ्या लागल्या होत्या. हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या पुस्तकाची मुदत होण्याआधीच गेनबांनी निरोप पाठवला की दुसरं आणा, पण शाखेत नको, घरी आणा. मी जेवणाच्या सुट्टीत गेलो. गिरणी चालू होती आणि तिच्या वरताण गेनबांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. दारात चपलांचे चार-पाच जोड होते.

आत पाटावर ते लाल पुस्तक, शेजारी समई, वाटीत साखर. गेनबा मांडी घालून वाचत होते. समोर शेजारच्या हौसाबाई आणि आणखी तीन बायका डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. खाटेवर उशीला टेकून फुलाबाई. गेनबांनी वाचलं, की नदीच्या पश्चिम तीरावर राजांच्या समाध्या आहेत आणि पूर्व तीरावर देवळं. फुलाबाईंनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, छातीशी आणला आणि दोन्ही तळवे जुळवले.

"अवो, त्यो ससाण्याच्या तोंडाचा देव सांगितला," हौसाबाई म्हणाल्या, "त्यो कुणाचा कुळदेव म्हनायचा?"

"हौसे," फुलाबाई खाटेवरून म्हणाल्या, "पोथीत मधी बोलू न्हाई. पाप लागतं."

गेनबांना मी दिसलो. त्यांचा आवाज एकदम खाली आला, इतका, की फुलाबाई म्हणाल्या, "ऐकाया येत न्हाई वो." त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मोठ्याने, आणि पुस्तक मिटलं. बायकांनी एकेक करून पुस्तकाला हात लावून नमस्कार केला. फुलाबाईंसाठी गेनबांनी ते खाटेपाशी नेलं. त्यांनी त्यावर कपाळ टेकलं. मग साखरेची वाटी फिरली. मलाही चिमूटभर मिळाली. मी ती खाल्ली.

बाहेर गिरणीच्या भिंतीला लागून आम्ही उभे राहिलो.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"म्या काय केलं न्हाई, सायेब. पयल्या दिशी उंबऱ्यात बसून वाचत हुतो. मला मनात वाचता येत न्हाई. हिनं लाल कापड बघितलं, मोठ्यानं वाचताना ऐकलं. नदी आली, देव आलं. तिला वाटलं, म्या तिच्यासाठी पोथी लावली. हौसाबाईला सांगून दिवा लावून घेतला. म्हनली, एक दिस उशीर झाला, पण लावलीत खरी. चार वरसांत तिचं त्वांड असं बघितलं न्हाई म्या. म्हटलं, आज ऱ्हाऊ दे, उद्या सांगू."

"मग?"

"उद्याला पुन्यांदा उद्या." त्यांनी तळहात धोतराला पुसला. "रोज निवेदाची साखर खातोय म्या. आन् खरं सांगू का, वाचताना माझं ध्यान तिच्याकडं नसतंच. म्या तितं होडीत असतो. ती हात जोडून बसल्याली आन् म्या फिरतोय."

"त्यांना समाधान वाटतंय ना," मी म्हणालो. "मग सांगायची गरज काय? कुणाचं काही बिघडत नाही. महिना होऊ द्या."

व्यवहारात असा सल्ला मी कुणालाही दिला नसता. पण त्या वेळी तो सोपा वाटला, आणि मला शाखा उघडायची होती. पिशवीतलं दुसरं पुस्तक मी त्यांना दिलं. जपानचं.

आठवडाभराने गेनबा स्वतःच शाखेत आले. "एक खरी पोथी द्या," म्हणाले. सांगणं जमत नाही, तर निदान खरी पोथी वाचून उरलेला महिना भरून काढावा, असा त्यांचा हिशेब होता. मी घरातली अधिक महिन्याची पोथी आणून दिली. तीही लाल फडक्यात. दोन्ही शेजारी ठेवली तर लांबून फरक कळला नसता.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर परत आली.

"काय झालं?"

"धरलं तिनं. दोन ओळीत धरलं. म्हनली, ही न्हाई. कालची वाचा, त्या बेटावरची. म्या म्हटलं, ही जास्त पुण्याची हाय. तर म्हनली, असंल, पण लावल्याली पोथी अर्ध्यात सोडायची नसती. सोडली तर दोष घरावर येतो. हौसाबाईबी म्हनली, व्हय." ते खुर्चीत बसले. "आता तर उतरायची सोयच न्हाई. खऱ्या पोथीला बाजूला सारून म्या जपान वाचतोय."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग त्यांनी मला काशीचं सांगितलं, मोठ्या आवाजात, त्यामुळे माझ्याबरोबर कॅशियरनेही ऐकलं.

अकरा वर्षांपूर्वी विंझर आणि आसपासच्या गावांतल्या बायका यात्रेच्या बसने काशीला निघाल्या होत्या. फुलाबाईंनी दोन शेळ्या विकून आपलं नाव घातलं होतं. पिशवी भरून तयार होती. आदल्या दिवशी गिरणीची मोटार जळाली. सुगीचे दिवस, दळणाचे डबे दाराबाहेरपर्यंत लागलेले. गेनबांना मोटार घेऊन पुण्याला जाणं भाग होतं. माघारी डबे सांभाळणार कोण? ते म्हणाले, "पुढच्या साली जा. काशी कुठं पळती का?" फुलाबाईंनी पिशवी उघडली, आत नारळ आणि खण होता, तो हौसाबाईंच्या हाती दिला. बस गेली. मोटार दोन दिवसांत दुरुस्त झाली. पुढच्या साली गिरणीला दुसरी अडचण, त्याच्या पुढच्या साली रत्नाचं बाळंतपण, असं करत वर्षं गेली आणि मग फुलाबाई पडल्या. हौसाबाईंनी येताना त्यांच्यासाठी गंगेच्या पाण्याचा, तोंड बंद केलेला गडू आणला होता. तो अजून देव्हाऱ्यात आहे. फुलाबाईंनी तो फोडू दिला नाही. जो जाऊन येतो त्यानं फोडायचा, असं त्यांचं म्हणणं.

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं," गेनबा म्हणाले. "तिनं कधी वळून बोलून दाखवलं न्हाई. आन् आता म्या तिच्याम्होरं बसून देश फिरतोय."

मी पुन्हा तेच म्हणालो, की आता थोडेच दिवस राहिलेत. तिसरं पुस्तक दिलं, नॉर्वेचं. त्यात असं एक गाव होतं, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. त्याची मुदत १५ जूनपर्यंत होती.

१५ जूनला सोमवार होता आणि त्याच दिवशी अधिक महिना संपत होता. फुलाबाईंनी समाप्तीचा घाट घातला. रत्ना आणि जावई सोमनाथ यांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. मलाही निरोप आला: "पोथी ज्यांनी आणली त्यांना सोडून कसं चालंल?" मी जेवणाच्या सुट्टीत गेलो.

रत्नाने पहाटेपासून पुरणाचे धोंडे आणि अनारसे केले होते. तेहतीस अनारसे ताटात रचून वर दिवा लावला होता. हौसाबाई आणि बायका आल्या होत्या. गेनबांनी दाढी केली होती, गाल कापून घेतला होता. पाटावरच्या नॉर्वेला झेंडूचा हार होता.

फुलाबाई मला म्हणाल्या, "बसा सायेब. शेवटचंच पान ऱ्हायलंय. मग फळ वाचायचं."

पोथीच्या शेवटी तिचं फळ सांगितलेलं असतं. ऐकणाऱ्याला काय मिळेल, काय टळेल. मला ते तेव्हा आठवलं. गेनबांना बहुतेक आधीच आठवलं असावं, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते.

सोमनाथ टेम्पो चालवतो. बोलका माणूस. जेवणाआधी नमस्कार करावा म्हणून तो पाटाशी बसला, पुस्तकावर डोकं ठेवलं आणि सहज पान उघडलं. दोन डोंगरांमध्ये उभ्या असलेल्या मोठ्या जहाजाचं चित्र. त्याने सासऱ्याकडे पाहिलं, आणखी दोन पानं उलटली, मग सासऱ्याच्या कानाशी वाकला. मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"मामा, पोथीला बोटीनं गेलता व्हय?"

गेनबांनी समईची वात पुढे सारली.

"मी न्हाई सांगत कुणाला. तुमी चार ओळी जुळवून म्हना फळ म्हनून. कुणाला कळतंय." त्याने पान नीट मिटलं आणि हात जोडून मागे सरकला.

मार्ग तोच होता. मीही बसल्या जागी मनात तशाच ओळी जुळवत होतो. गेनबांनी पुस्तक घेतलं, शेवटचं पान वाचलं. प्रवासी बोटीतून उतरला, घरी पोहोचला, सामान सोडलं. संपलं. पलीकडे गिरणीचा पट्टा फिरत होता. फुलाबाईंनी डाव्या हाताने उजवा उचलून छातीशी धरला होता.

"वाचा की फळ," त्या म्हणाल्या.

गेनबांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. "रत्नाच्या आई, ह्याला फळ न्हाई."

"असं कसं?"

"ही पोथी न्हाई. तीनी न्हाईत. माझ्या हौसेची पुस्तकं हायती, लांबच्या देशांची. म्या पयल्याच दिशी सांगायला पायजे हुतं. सांगितलं न्हाई. तुज्याकडनं हात जोडून घेतलं महिनाभर."

हौसाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे घेतला, मग पुन्हा पुढे ओढला. रत्ना चुलीपाशी उलथनं हातात घेऊन थांबली. फुलाबाईंचा हात छातीशी तसाच होता.

"म्हंजी त्या नद्या?"

"खऱ्या हायत्या. देवाच्या न्हाईत. म्हंजी त्यांच्या देवाच्या असतील."

"आन् तुमी काय करत हुता?"

"म्या?" गेनबांना ते सांगणं सगळ्यात जड गेलं असं मला वाटलं. "म्या फिरत हुतो."

"एकलेच?"

त्यांनी मान खाली घातली.

"म्या पयल्या दिशी मागनं मागितलं हुतं," फुलाबाई म्हणाल्या. "माज्यापायी बसून हायती, एकडाव कुटं तरी जाऊन येऊ देत. तर हे तीन ठिकानी जाऊन आलं."

"म्हंजी पावली की पोथी," सोमनाथ म्हणाला. रत्नाने त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प झाला.

"मला किती इचारायचं हुतं," फुलाबाई म्हणाल्या. आता त्यांनी हात सोडला, उजवा हात मांडीवर पडला. "तुमी वाचायचा आन् माज्या मनात यायचं, इचारावं. पोथीत मधी बोलू न्हाई म्हनून दातावर दात धरून बसले. ह्या हौसीलाबी गप केली. सांगितलं असतं तर म्याबी आले नसते का? तवाबी तुमी मला ठेवून घेतलंत. आन् आताबी."

काशीच्या त्या बसबद्दल फुलाबाई अकरा वर्षांत एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. गेनबांचं तोंड पाहवेना म्हणून मी अनारशांच्या ताटाकडे पाहत राहिलो. "सांगायची गरज काय" असं दोनदा म्हणणारा माणूस त्या घरात मीच होतो, आणि ते फक्त गेनबांना माहीत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

हौसाबाई म्हणाल्या, "फुले, म्या इचारलं हुतं त्या ससाण्याच्या तोंडाच्या देवाचं. पाप न्हाई ना मग लागलं?"

"न्हाई. इचार आता काय ती."

मग त्या गेनबांना म्हणाल्या, "तितं दिस मावळत न्हाई, असं वाचलं न्हवं का परवा?"

"व्हय."

"मग तिथल्या बाया दिवा कवा लावत्यात?"

गेनबांनी पुस्तक उघडलं. पानं उलटून पाहिली. "दिलं न्हाई ह्यात."

"आन् कोंबडं? कोंबडं कवा आरवतं?"

"त्येबी न्हाई."

"मग काय बघून आला तुमी?" फुलाबाई म्हणाल्या. "जेवणं व्हऊ देत. मग पयल्यापासनं वाचा. जरा थांबत थांबत."

सोमनाथला अनारशांचं ताट दिलं. ते धोंड्याच्या महिन्याचं वाण होतं, पोथीचं नव्हतं, त्यामुळे ते देण्यात कसलीच अडचण नव्हती, असं हौसाबाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मला शाखा उघडायला दहा मिनिटं उशीर झाला.

त्यानंतर वाचन सुरू आहे. दिवा नाही, साखर नाही. गेनबा एक ओळ वाचतात, फुलाबाई विचारतात, आणि पुस्तकात उत्तर नसलं तर दोघं मिळून ठरवतात. दिव्याचं असं ठरलं, की तिथल्या बाया गुरांच्या वेळेवर लावत असतील, गुरांना तर कळतंच. गेनबांचा आवाज मात्र उतरला आहे. पूर्वी रस्त्यापर्यंत यायचा, आता दारातही नीट ऐकू येत नाही. परवा शाखेत आले तेव्हा मी विचारलं, बाई अजून रागावल्या आहेत का. म्हणाले, "न्हाई. त्येच जड जातं." मग जाता जाता, दाराकडे तोंड करून, काशीचं पुस्तक आहे का म्हणून विचारलं. ते सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे. आलं की पहिल्यांदा त्यांना द्यायचं, असं मी ठरवलं आहे.

गडू अजून फोडलेला नाही.

आज ९ जुलै. नॉर्वेचं पुस्तक अद्याप विंझरलाच आहे, त्रेचाळिसाव्या पानावर. विलंब आकार दिवसाला एक रुपया. गेनबा दारवटकर यांच्याकडून चोवीस रुपये येणे.